मागून आलेली हाक

हेल्मेटवर कॅमेरा लावला त्या दिवसापासून माझी कधी चूकच झाली नाही. कॅमेरा माझ्या कपाळावर, त्याचं तोंड पुढे. त्यामुळे त्यात दिसायचे ते बाकीचे सगळे. मी त्यात कधीच नसायचो.

मी ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला राहतो आणि पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात काम करतो. कुठलं मशीन कधी बंद ठेवायचं, त्याचा कुठला भाग कधी बदलायचा, हे ठरवायचं माझ्याकडे असतं. काही मोडलं की चूक कुणाची ते शोधून काढायचं, हा त्या कामातला माझा आवडता भाग. नऊ वर्षं मी सायकलनेच कामाला जातोय. अर्धी वाट समुद्राच्या कडेने जाणाऱ्या डांबरी पट्ट्यावरून, तिथे सायकलवाले आणि पायी चालणारे दोघांनाही मुभा असते आणि म्हणून दोघे एकमेकांवर खार खाऊन असतात. उरलेली वाट गाड्यांच्या रस्त्याने. तिथे सगळेच सगळ्यांवर खार खाऊन असतात.

कॅमेरा घ्यायला कारण घडलं होतं. एका यूटच्या आरशाने माझ्या कोपराला फटका मारला. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, इथल्या सुतार-प्लंबर मंडळींची लाडकी. मी पडलो नाही, पण हात आठवडाभर काळानिळा होता. पोलिसांकडे गेलो तर त्यांनी सभ्यपणे विचारलं, पुरावा काय? मी कोपर दाखवलं. कॉन्स्टेबल हसला नाही, एवढीच त्याची मेहरबानी. त्याच शनिवारी मी कॅमेरा विकत घेतला.

गाडीने सायकलच्या बाजूने जाताना निदान एक मीटर अंतर ठेवायचं, असा इथे कायदा आहे. तो मीटर मला झोपेतही दिसायला लागला. खिडकी खाली करून ‘गेट अ कार, मेट’ म्हणून ओरडणारे, मुद्दाम अंगावर गाडी घालून मग ब्रेक मारणारे, सगळे टिपले. एकाने चालत्या गाडीतून आइस कॉफीचा कप फेकला. तो माझ्या पाठीवर फुटला आणि दिवसभर शर्टाला नासक्या दुधाचा वास येत राहिला. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही मी आजही माफ केलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, याला उपरती झाली आणि सगळे ड्रायव्हर एकदम संत झाले. तसं काही झालेलं नाही.

पण संध्याकाळी घरी आल्यावर चहाचा कप घेऊन मी लॅपटॉपपुढे बसायचो ते मात्र न्यायासाठी बसायचो, असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. दिवसभराचं रेकॉर्डिंग पुढे-मागे करायचं, गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल तिथे थांबवायचं, तुकडा कापायचा. एक पोलिसांना, एक आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपला. ज्या दिवशी कुणी अंगावर आलं नाही त्या दिवशी मी चक्क हिरमुसायचो. बायको एकदा म्हणाली, “तू सायकलवर जातोस की शिकारीला?” मुलगी पंधरा वर्षांची. ती मान वर न करता म्हणायची, “डॅड, इट्स सो एम्बॅरसिंग.”

एकदा एका बाईला माझ्या व्हिडिओमुळे दंड झाला. तिने मला शोधून काढून ग्रुपवर लिहिलं, की मागच्या सीटवर बाळ ओकत होतं, क्षणभर माझं लक्ष गेलं, मी चुकले, पण तुम्ही माझा चेहरा कशाला दाखवलात? मी उत्तर दिलं, नो एक्स्क्यूजेस. त्या दोन शब्दांना खूप लाइक मिळाले. मी रात्री जेवताना ते बायकोला वाचून दाखवले आणि तिने आमटी वाढता वाढता विषय बदलला.

रस्त्यावरचं सावज कमी पडायला लागलं तसा मी पट्ट्यावरच्या लोकांकडे वळलो. लांब दोरीवरचे कुत्रे, कानात इयरफोनची बोंडं घातलेल्या पोरी, आणि आपले लोक. आपले म्हणजे इथे मुलांकडे सहा-सहा महिने येऊन राहिलेले आईवडील. सकाळी मुलं कामाला गेली की घरात भांडी वाजवायलासुद्धा कुणी नसतं, मग ही मंडळी समुद्रावर फिरायला येतात आणि चौघं-पाचजण हातात हात घातल्यासारखे पट्टाभर पसरून चालतात. साडीखाली पांढरे बूट, वर मुलाचं जॅकेट. मी त्यांचा एक तुकडा कापून वर इंग्रजीत काहीतरी चुरचुरीत लिहून ग्रुपवर टाकला. खाली गोऱ्या मंडळींनी जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. एक-दोन वाक्यं तर अशी होती की ती मला उद्देशून कुणी बोललं असतं तर मी त्याच्यावर केस केली असती. मी त्या वाक्यांनाही अंगठा दिला.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वसईचा. आम्ही कॅथलिक. घरात वसईची बोली, शाळा मराठी, चर्चमधली मिस्सा मराठी, आजीचे शापसुद्धा मराठी. पण आडनाव पोर्तुगीज वळणाचं, त्यामुळे आयुष्यभर प्रत्येक नव्या माणसाने मला तोंडावर विचारलंय, “अरे, तुम्ही मराठी कसं काय बोलता?” किंवा त्याहून वाईट, “मराठी छान बोलता हो तुम्ही!” पुण्याला कॉलेजात असताना या वाक्यावरून मी एकाची कॉलर धरली होती. सिडनीत हॅरिस पार्कला मिठाईच्या दुकानात एक मराठी बाई मला ऐकून थक्क झाली, तेव्हा मी तिला विचारलं, “तुम्ही कशा बोलता? तशीच मी बोलतो.” बायको मला खेचत बाहेर घेऊन आली. सांगायचा मुद्दा, माझ्या मराठीवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं.

तर एका वर्षी इथल्या शरद ऋतूत, म्हणजे एप्रिल संपता संपता, पट्ट्यावर एक नवीन काका दिसायला लागले. एकटेच असायचे. मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर कानटोपी, कडक इस्त्रीची पॅंट आणि खाली मुलाने घेतलेले भडक स्पोर्ट्स शूज. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून पट्ट्याच्या बरोब्बर मधून चालायचे. एकदा मी त्यांना बाकावर बसून स्पीकरवर कुणाशी तरी बोलताना ऐकलं होतं: “हो गं, जेवलो. जेवलो म्हटलं ना!” त्यामुळे ते मराठी आहेत हे मला माहीत होतं. सलग तीन सकाळी त्यांच्यामुळे मला ब्रेक मारावा लागला होता, हेही माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या सकाळी सूर्य नुकताच समुद्रातून वर आला होता. मी जोरात होतो. हॅंडलवरच्या काट्यावर ताशी बत्तीस किलोमीटरचा वेग दिसत होता आणि मी तोच बघत होतो. मान वर केली तर ते समोर, मध्यभागी, हात पाठीमागे. पट्ट्यावर पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, हाही नियम आहे. मी यातलं काही केलं नाही. मी ओरडलो. घंटीपेक्षा आवाज रेकॉर्डिंगमध्ये चांगला येतो, ही माझी जुनी सवय. आणि मी मराठीत ओरडलो, कारण मला त्यांना नीट लागावं असं वाटत होतं.

“ओ काका! बाजूला व्हा! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?”

मराठी माणूस दचकून डावीकडे सरकेल, या हिशोबाने मी सायकल उजवीकडे घेतली. ते सरकले नाहीत. ते उजवीकडून पूर्ण मागे वळले, थेट माझ्या वाटेत. मागून आपल्या भाषेत कुणी बोललं तर माणूस आधी वळून बघतो, कोण आहे म्हणून. मी काय बोललो हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नसावं. मराठी तेवढं पोहोचलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी नीट पाहिलं नाही, तेवढा वेळ नव्हता. नंतर पाहिलं, कितीतरी वेळा.

धडक बसली तेव्हा आवाज फारसा झाला नाही. मी पलीकडे गवतात पडलो, कोपर सोललं. ते डांबरावर एका कुशीवर पडले होते आणि एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. मी धावत जाऊन गुडघ्यावर बसलो. “काका, हलू नका. लागलं का? हलू नका,” मी म्हणालो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या तसल्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, “तुम्ही मराठी?”

तेवढ्यात पळायला आलेली एक बाई थांबली आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागली. तिने विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत म्हणालो, “मी बेल वाजवली, पण ते अचानक माझ्यासमोर आले.” वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला स्वतःलाच ते इतकं खरं वाटलं की मी ते दुसऱ्यांदाही म्हणालो. काकांना मी उत्तर दिलं नाही, ना तेव्हा, ना ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना.

काकांचा मुलगा जवळच राहत होता, त्या बाईने काकांच्या फोनवरून कळवल्यावर तो धावतच आला. पस्तिशीचा असेल, सिडनीच्या ट्रेनला निघालेला, गळ्यात ऑफिसचा पट्टा. वडिलांना बघून रडकुंडीला आला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “यू इंडियन?” मी मान हलवली. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी आयुष्यभर बघत आलोय. “ओह, गोवन?”

एरवी मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी म्हणालो, “बॉम्बे साइड.”

मग पोलीस आले. त्यातल्या एकाने मला ओळखलं. “तुम्हीच ना ते व्हिडिओ पाठवणारे?” त्याने हेल्मेटकडे बघून विचारलं, कॅमेरा चालू होता का? मी म्हणालो, बॅटरी संपली होती. त्याने वहीत तसं लिहून घेतलं. जो माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका पुराव्यानिशी पाठवतो तो स्वतःबद्दल खोटं बोलेल, असं त्याला कशाला वाटेल? मी घरी जाऊन कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं, एकदाही न बघता एका काडेपेटीत घातलं आणि काडेपेटी स्क्रूच्या डब्यात तळाशी टाकली.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. का गेलो? चांगुलपणा म्हणून गेलो असं त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे ते काय बोलतायत हे मला जाणून घ्यायचं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. मुलगा कॉरिडॉरमध्ये फोनवर होता, बहुधा बहिणीशी. मला बघून त्याने हाताने ‘दोन मिनिटं’ असं केलं आणि माझ्यासमोरच मोकळेपणाने मराठीत बोलत राहिला, कारण त्याच्या लेखी मी गोव्याचा होतो.

“अगं, तेच तेच चाललंय. म्हणे मला कुणीतरी मागून मराठीत हाक मारली, पडल्यावरही मराठीतच बोललं... नाही गं, इथे कोण मराठी सकाळी साडेसहाला? सायकलवाला माणूस ख्रिश्चन आहे, इंग्लिश बोलतो, इथेच उभा आहे, त्याला काय कळतंय... डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर होतो कधीकधी भ्रम, जातो. पण हे ऑपरेशनच्या आधीपासून तेच सांगतायत. ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा. मेमरीची टेस्ट घेणार आहेत... हो. हो, मलाही तेच वाटतं. अकोल्याला एकटं नाही ठेवता येणार आता. गॅस चालू ठेवून विसरले तर? फ्लॅट बंद करू आणि तू त्यांना पुण्याला घेऊन जा.”

भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलेलं होतं. मी ते सगळं, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत, लक्ष देऊन वाचलं.

फोन ठेवून मुलगा इंग्रजीत माझ्याशी बोलला. पडायच्या आधी वडिलांना काय काय जमायचं, हे सांगत राहिला. आई जाऊन सहा वर्षं झाली, अकोल्यात एकटेच राहतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, गुरुवारी जुन्या नोकरीतल्या मित्रांचा पत्त्यांचा डाव असतो. नोकरी टेलिफोन खात्यात. ट्रंक कॉल जोडून देणारे ऑपरेटर होते, आवाजावरून गावातला माणूस ओळखायचे. “अँड नाऊ ही इज हिअरिंग व्हॉइसेस,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, यात तुमची काही चूक नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी ‘नो वरीज’ म्हणालो. खरंच तेच शब्द म्हणालो.

मला तिथेच बोलता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते मराठीत बोललो असतो तर पहिल्या शब्दालाच सगळं संपलं असतं. पण एका खोट्यामागे दुसरं उभं होतं: घंटी, बॅटरी, पोलिसांची वही, ‘बापाचा रस्ता’. माझी नोकरी, ग्रुप, लोक काय म्हणतील, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी निरोप घेऊन लिफ्टकडे निघालो. मी फार भित्रा माणूस आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. आरडाओरडा करणारा माणूस भित्रा असेल असं कुणाला वाटत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. मुलगा कॉफी आणायला खाली गेला होता. काका उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, चेहरा निम्मा झालेला. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं. मग दाराकडे एकदा बघून, हळू आवाजात, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, “तुम्हीच होतात ना? मी आवाज विसरत नाही. पस्तीस वर्षं कानाची नोकरी केली मी. हे सगळे म्हणतायत मला भ्रम झालाय. तुम्ही फक्त हो म्हणा. मी कुणाला सांगणार नाही, तक्रार करणार नाही. मला फक्त कळू द्या, की मी ऐकलं ते खरं होतं.”

मी म्हणालो, “सॉरी, अंकल?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि पांघरुणाची घडी हाताने सारखी करत म्हणाले, “असेल. मलाच भास झाला असेल.” ते मला उद्देशून नव्हतं. मुलगा कॉफी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

त्या शनिवारी मी चर्चमध्ये कन्फेशनला गेलो. इंग्रजीत म्हणालो, मी एका माणसाशी खोटं बोललो. फादरनी विचारलं, ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे का? मी म्हणालो, बघतो. त्यांनी प्रार्थना सांगितल्या त्या सगळ्या म्हटल्या, आणि दोन-तीन दिवस खरोखर हलकं वाटलं. जून संपायच्या आत काका व्हीलचेअरवरून विमानाने परत गेले, असं मुलाने मेसेज करून कळवलं. सोबत लिहिलं होतं, थॅंक यू फॉर व्हिजिटिंग हिम. तो मेसेज वाचल्यावर हलकं वाटणं संपलं.

कॅमेरा मी लावणं सोडलं होतं. ग्रुपवर लोकांनी विचारलं, कुठे गेलास? मी लिहिलं, बिझी. बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय? मी तिच्यावर खेकसलो.

मग एका रविवारी दुपारी माझ्या मुलीला शाळेच्या कामासाठी मेमरी कार्ड हवं होतं. मी व्हरांड्यात सायकलची चेन पुसत होतो. तिने स्क्रूचा डबा कशाला उघडला कोण जाणे. सगळ्या घरात शोधलं असेल आणि तो शेवटचा राहिला असेल. आतून माझाच आवाज ऐकू आला. “ओ काका! बाजूला व्हा!” मी हातातली चेन टाकून आत गेलो. ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती.

“डॅड, यू सेड द बॅटरी वॉज डेड.”

तिने पुन्हा मागे नेऊन लावलं. तिला मराठी कळत नाही. शिकवायचं राहून गेलं, ते पाप माझंच. तिने विचारलं, “व्हॉट डिड यू से टू हिम?” मी सांगितलं. एकेक शब्द इंग्रजीत करून सांगितला, बापापर्यंत. तिने चित्र थांबवलं ते नेमकं ते वळतात तिथे. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. कानटोपीच्या दोऱ्या सुटलेल्या, भुवया वर गेलेल्या, आणि तोंडभर हसू. कितीतरी दिवसांनी स्टेशनवर ओळखीचं माणूस दिसावं तसं. बोलायला तोंड उघडलेलंही दिसत होतं.

“बट ही लुक्स सो हॅपी,” माझी मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

सोमवारी दुपारी मी लवकर सुटून पोलिसांकडे गेलो आणि कार्डाची नक्कल दिली. त्याचं जे काय व्हायचं ते पुढे झालं, कोर्टही झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथून तसाच काकांच्या मुलाच्या घरी गेलो. तो घरून काम करत होता. दार उघडून हसला, “हे! कम इन, कम इन.” मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणालो, “मी वसईचा आहे. मी मराठी आहे. तुमच्या बाबांना भ्रम झालेला नाही.”

त्याचं हसू तसंच राहिलं, नुसतं विझलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून त्याने माझ्या फोनवर सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. मग म्हणाला, “परत लाव.” दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्याने फोन ओट्यावर उलटा ठेवला. मी मार खायला तयार होतो, मारलं असतं तर बरंच झालं असतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. म्हणाला, “रोज सांगत होते ते. रोज. मी म्हटलं, बाबा, पुरे आता. सगळ्यांसमोर म्हटलं.” फ्लॅट गेल्याच आठवड्यात रिकामा केला होता. सामान भाचा घेऊन गेला होता, पत्त्यांच्या मित्रांना कुणी कळवलंसुद्धा नव्हतं.

त्याने पुण्याला बहिणीकडे व्हिडिओ कॉल लावला. काका खुर्चीत बसलेले दिसले, अंगावर तोच मरून स्वेटर. मुलगा म्हणाला, “बाबा, काहीतरी ऐकवायचंय,” आणि फोनपुढे माझा आवाज लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एकदा, दोनदा. “रस्ता काय तुमच्या बापाचा” तिथे त्यांचे ओठ किंचित हलले. “हाच,” ते म्हणाले, “हाच आवाज.” मग मुलाने फोन माझ्याकडे वळवला.

“काका, मी...”

“हॉस्पिटलात तुम्हीच आला होतात,” ते म्हणाले.

“हो.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो, काका.”

ते चिडतील अशी मी वाट बघत होतो. ते फार थकलेले दिसत होते. अगदी मनापासून, काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणाले, “मराठी छान बोलता हो तुम्ही.”

मी मान खाली घातली. इतक्यात त्यांच्या पाठीमागून, आतल्या खोलीतून, त्यांच्या मुलीचा आवाज आला, “बाबा, गोळ्या घ्यायच्यात, या!” मला आणि मुलाला, दोघांनाही तो स्पष्ट ऐकू आला. काका वळले नाहीत. त्यांनी आधी स्क्रीनमधून मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, “आत्ता हाक मारली का हो कुणी?”